सात नंबर तापत नाही

"हेडी, सात नंबरच्या घरात ऑगस्टमध्ये संध्याकाळी सव्वासातला कोण आंघोळ करतं गं?" वोल्फ्रामनं विचारलं, आणि 'तुझी सासू' असं फटकन म्हणणार होते मी, पण शब्द तोंडातच राहिला. बाराचा ठोका पडून गेला होता. दर अर्ध्या मिनिटाला कुणीतरी दारातून डोकावून 'मालत्साइट', म्हणजे जेवा सुखानं, असं म्हणून जात होतं, आम्हीही मान वर न करता 'मालत्साइट' म्हणत होतो, आणि माझ्या हातातल्या पावावरचं भोपळ्याच्या बियांचं तेल मनगटावर ओघळून बाहीत चाललं होतं. मी ते पुसलं नाही. वोल्फ्रामनं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "हे बघ ना. एक ते पंधरा ऑगस्ट. जवळजवळ रोज संध्याकाळी शंभराच्या वर लिटर गरम पाणी, सलग नऊ मिनिटं. पण तुम्ही तर ऑगस्टात ग्राडोला जायचात, समुद्रावर. तूच सांगतेस नेहमी." मी म्हटलं, "मी आणि रेझी जायचो. बेर्टलला रजा मिळाली नव्हती त्या वर्षी." "मग बेर्टल टबात बसायचा होय!" तो हसला. वाईट मनानं नाही हसला, वोल्फ्राम तसा माणूसच नाही. पण बेर्टल जन्मात कधी टबात बसला नव्हता. टब भाज्या धुवायला असतो, माणसानं उभ्यानं आंघोळ करावी, असं तो म्हणायचा. "मला काय माहीत? जेव आता," असं म्हणून मी तोंडात पाव कोंबला. त्याची चव लागली नाही.

आमचं काम म्हणजे खोट्या टाक्या बांधायचं. एखादी वसाहत बांधायची असली, छपरावर उन्हाची तावदानं आणि तळघरात गरम पाण्याची दोन मजली टाकी बसवायची असली, की ती आधी आम्ही संगणकात बांधतो. तिच्यावर खोटं ऊन पाडतो, खोट्या माणसांकडून आंघोळी करवतो, भांडी घासवतो, आणि वर्षभराचं आयुष्य चार मिनिटांत चालवून बघतो की टाकी कुठे थंड पडते, कुठे उकळते. थंड पडली तर लोक तक्रार करतात, एवढंच. उकळली तर मात्र पंप थांबतो, छपरावरच्या नळ्यांत वाफ भरते, आणि त्या वाफेला जायला जागा ठेवली नसेल तर ती आपली आपण वाट काढते. म्हणून आमचं निम्मं डोकं टाकी तापू नये यातच खर्च होतं. आता खोट्या माणसांना पाणी वापरायला लावायचं तर कुठल्यातरी खऱ्या घराचं मोजमाप लागतं. आमच्याकडे अशी अकरा घरं आहेत, नुसती आकड्यांची, आणि त्यातलं सात नंबरचं घर माझं आहे. माझं म्हणजे अक्षरशः माझं: मी, माझा नवरा बेर्टल आणि आमची लेक रेझी, साल एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. वर्षभर मी स्वतःच्या टाकीला मोजणी यंत्र लावून ठेवलं होतं. सात नंबर सगळ्यांचं लाडकं. 'सात नंबर तापत नाही' असं ऑफिसात म्हणतात, शुभशकुनासारखं. ते घर घेतलं, अठ्ठेचाळीसनं गुणलं, की अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांची टाकी ऑगस्टमध्येसुद्धा नव्वदीच्या आत शहाण्यासारखी बसते. पंचवीस वर्षांत त्या घरावर किती टाक्या बांधल्या मी! आणि एकदाही मनात आलं नाही की का तापत नाही हे घर.

खरं सांगायचं तर मला ते घर सोडवत नव्हतं. बेर्टल ट्राम चालवायचा. पहिली गाडी त्याची असली की तो पहाटे तीन पन्नासला आंघोळ करायचा, चार मिनिटं, मध्ये साबण लावताना नळ बंद. तीन पन्नास, तीन एक्कावन्न, खंड, तीन त्रेपन्न. पाच वर्षांपूर्वी तो गेला, दवाखान्यात, तीन दिवसांत, आणि मी पुन्हा कामावर आले त्या दिवशी कुठल्याशा शाळेची टाकी चालवत होते, तर पडद्यावर तीन पन्नासला रेघ उठली. खंड. पुन्हा उठली. मी उठून दार लावून घेतलं आणि ती पहाट सतरा वेळा चालवली. तेव्हापासून ती सवयच लागली. लोक स्मशानात जाऊन दिवा लावतात, मी तीन पन्नासची रेघ बघते. कधी कधी अठ्ठेचाळीसनं गुणलेली असते. अठ्ठेचाळीस बेर्टल एकाच मिनिटाला नळ उघडतात आणि एकाच मिनिटाला साबण लावतात. पहिल्यांदा हे मनात आलं तेव्हा मी हसले होते, आणि मग घरी जाताना पुलावर उभी राहून इतकी रडले की एक बाई विचारायला आली. आता रडत नाही. पण बघते.

त्या दिवशी घरी जाताना मात्र मला तीन पन्नासची रेघ आठवेना. सव्वासातच आठवत होतं. शंभर लिटर, सलग. शॉवरचं पाणी असं सलग नसतं, माणूस मध्ये थांबतो. सलग पाणी म्हणजे टब. माझ्या घरात, मी समुद्रावर असताना, कुणीतरी टब भरत होतं. आणि मन किती हलकट असतं बघा, मी जिना चढेपर्यंत त्यानं एक बाई शोधूनसुद्धा ठेवली होती: गेर्लिंडे. आमच्या छपरावरची तावदानं आम्हीच बनवली होती. तेव्हा गावोगाव लोक गट करून स्वतःच्या हातानं बनवायचे, शनिवार-रविवार आगीच्या बंबखान्याच्या शेडमध्ये तांब्याच्या नळ्या जोडायचे. गेर्लिंडे आमच्या गटात होती. डाग देण्यात तिचा हात पुरुषांपेक्षा साफ, आणि बेर्टल तिला म्हणायचा, "तुझ्या नवऱ्याचं तोंडही असंच जोडून टाक." ती हसायची ते मला अजून ऐकू येतं. तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नव्हतं. आता ते हसणं माझ्या न्हाणीघरात, फरश्यांवर आपटून घुमत होतं. मी दिवा लावला आणि टबाकडे बघत उभी राहिले. तोच टब, कडेला टवका उडालेला. मला त्याला हात लावावासा वाटेना.

रेझीला फोन केला. तिला विचारलं, "तुझ्या बाबांचं आणि गेर्लिंडेचं काही होतं का गं?" पलीकडे भडका उडाला. "आई, तुला वेड लागलंय का? बाबांना जाऊन पाच वर्षं झाली, आणि तू आता संशय घेतेस? जिवंत होते तेव्हा काय झोपली होतीस?" मी म्हटलं, "आकडे आहेत माझ्याकडे." "आकडे!" ती म्हणाली, "आकडे बघूनच संसार केलास तू. बाबा म्हणायचे, तुझ्या आईला मी आवडतो की माझा वापर आवडतो, देव जाणे." मी फोन ठेवला. मग पुन्हा उचलून कानाला लावला, तर नुसती घुं घुं. लेक बोलली ते झोंबलं, कारण ते खरं होतं. त्या वर्षी मी बेर्टलच्या मागे मागे फिरायचे. हात धुतलेस का? गरमनं की गारनं? भांडी आज का नाही घासलीस? तो बिचारा हात वर करून म्हणायचा, "फ्राउ इंजिनिअर, थुंकायची परवानगी आहे का?"

दुसऱ्या दिवशी वोल्फ्रामचा चेहरा उतरलेला होता. त्यानं नुसतं करून बघावं म्हणून ते पंधरा दिवस पुसून सात नंबर पुन्हा चालवलं होतं. "अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांची टाकी," तो म्हणाला, "चार ऑगस्टला पंच्याण्णवला जाते. पंप थांबतो. छपरावर वाफ. आपण वाफेला जागाच ठेवलेली नाही, हेडी, कारण आपल्या हिशोबात ती कधी होतच नाही. अहवाल शुक्रवारी द्यायचाय." मी म्हटलं, "बदलू की, अजून बांधली कुठे आहे?" "ही नाही बांधली," तो म्हणाला. "पण बांधलेल्या?" मग तो हळूच म्हणाला, "लाकनर." आणि मला वाटलं, कुणीतरी मानेवर गार हात ठेवला.

रूपर्ट लाकनर हा एका वसाहतीचा रखवालदार. चार वर्षांपूर्वी, सहा ऑगस्टला, तळघरात टाकीपाशी काहीतरी शिट्टी वाजते म्हणून बघायला गेला. वाफ आणि उकळतं पाणी नळातून सुटून त्याच्या छातीवर, मानेवर, डाव्या हातावर आलं. सात आठवडे दवाखान्यात होता. ती टाकी आमच्या आराखड्यावरची, सात नंबरवर बांधलेली. चौकशी झाली. मीच होते त्यात, कागद घेऊन, आणि मीच सांगितलं होतं की ही टाकी एवढी तापूच शकत नाही, हे बघा आलेख, ऑगस्टमध्ये सुद्धा नव्वदीच्या आत. मग तापली का? तर रखवालदारानं कुठलीतरी झडप चुकून बंद केली असणार. लाकनर म्हणाला, मी हात लावला नाही. दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्याचा हात पट्ट्यांत बांधलेला होता, तो टेबलाकडे बघत म्हणाला, "लावलाही असेल, आठवत नाही." तेवढंच लिहून घेतलं गेलं. त्याची नोकरी गेली. मी तेव्हा मनात म्हटलं होतं, बिचारा, पण आकडे काही खोटं बोलत नाहीत. मेले आकडे! आता वोल्फ्रामनं त्या वसाहतीची टाकीही ते पंधरा दिवस पुसून चालवली. तीन ऑगस्टला चढायला लागली. सहाला उकळली. सहाला. आम्ही दोघं त्या रेघेकडे बघत बसलो, आणि बाहेरून कुणीतरी 'मालत्साइट' म्हणालं, तर आमच्यापैकी एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही.

ऑगस्टमध्ये वसाहती ओस पडतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. सगळे समुद्रावर. पाणी वापरायला कुणी नाही आणि ऊन तर कोसळतंय, तेव्हाच टाकी तापते. म्हणून तर लोक जाताना छपरावरच्या तावदानांवर जुन्या चादरी बांधून जातात. आणि माझ्या घराच्या आकड्यांत त्या पंधरा दिवसांत कुणीतरी संध्याकाळी शंभर लिटर सांडत होतं. म्हणजे माझ्या प्रत्येक टाकीत, प्रत्येक बिऱ्हाडात, ते न आलेलं माणूस येऊन नळ उघडत होतं आणि टाकी वाचवत होतं, फक्त कागदावर. खरी टाकी वाचवायला कुणी येत नव्हतं. लाकनरची कातडी गेली ती माझ्या नवऱ्याच्या रांडेमुळे, असं माझ्या मनात आलं, याच शब्दात आलं. लाज वाटली, पण आलं ते आलं.

मूळ नोंदी माझ्या कपाटात होत्या. पुढे सगळीकडे गेला तो फक्त पाण्याचा रकाना. टाकीच्या तापमानाचा रकाना त्या वेळी कुणाला नको होता, मलाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या उन्हात, दार लावून, मी दोन्ही रकाने शेजारी शेजारी मांडले. मला तारखा हव्या होत्या. बाई कुठल्या दिवशी आली, कुठल्या दिवशी नाही. एक तारखेला आली. दोनला, तीनला, चारला आली. पाचला नाही, सहाला नाही. सातला पुन्हा. पाच-सहाला काय झालं? मी शेजारी बघितलं. पाच आणि सहा ऑगस्टला टाकी सत्तरीच्या वर गेलीच नव्हती. ढग होते, पाऊस असेल. अकरालाही नाही, अकराला बहात्तर. बाकी ज्या ज्या दिवशी पाणी सांडलं होतं त्या त्या दिवशी संध्याकाळी टाकी नव्वदच्या वर होती. एक्क्याण्णव, ब्याण्णव, एक्क्याण्णव. आणि नऊ मिनिटांनंतर ती पंचाहत्तरला आलेली. दर वेळी. कुठली बाई टाकीचा काटा बघून प्रेम करायला येते? मग इतका वेळ जे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि दिसत नव्हतं ते दिसलं, आणि मी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची बाकी राहिले. शंभरावर लिटर पाणी, ब्याण्णव अंशांचं! त्यात आंघोळीपुरतं गार पाणी मिसळायचं तर तीनशे लिटर होतं. आमच्या टबात दीडशे मावत नाही. चाळीस वर्षं पाण्याचा हिशोब करणारी बाई मी, आणि एवढं साधं गणित माझ्या डोक्यात शिरलं नाही, कारण डोक्यात गेर्लिंडे हसत होती. त्या पाण्यात माणूस नाही आंघोळ करत, बटाटे शिजतात.

मग ग्राडो आठवलं. समुद्राकाठचं फोनचं खोपटं, आत तापलेल्या प्लास्टिकचा वास, रेझी ओल्या पोहण्याच्या कपड्यांत माझ्या पायाला चिकटलेली, आणि मी इटलीची नाणी ढकलत ओरडत होते. इकडची खबर विचारायच्या आधीच मी टाकीचं विचारलं होतं. "किती आहे वर?" "ब्याण्णव," बेर्टल म्हणाला. "चादर टाकू का छपरावर?" "अजिबात नाही! चादर टाकलीस तर मोजमाप बिघडेल. पण नव्वदच्या वर जाऊ देऊ नकोस हं, ते यंत्राचं रबर वितळलं तर माझं सबंध वर्ष पाण्यात जाईल." "मग मी काय करू?" त्यानं विचारलं. तेवढ्यात नाणी संपली. एवढंच. पुढे मी पुन्हा विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. दिवसभर ट्राम चालवून सातला घरी यायचा, तळघरात जाऊन काटा बघायचा, मग वर येऊन न्हाणीघरात टबाच्या कडेवर बसून नळ सोडायचा. वाफ अंगावर घेत, घड्याळात बघत, नऊ मिनिटं. माझं वर्ष वाचवत होता तो. नळ सोडला तरी मोजमाप बिघडतं, हे त्याला कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं. मी टेबलावर डोकं ठेवून म्हटलं, "अरे मूर्खा, अरे वेड्या, माझ्या सोन्या," आणि मग लाकनरचा बांधलेला हात आठवला आणि ते गोड शब्दही तोंडात कडू झाले.

डॉक्टर झाइडल आमच्या वरिष्ठ. त्यांच्यासमोर मी सगळं मांडलं, फोनच्या खोपट्यासकट. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला. "हेडी, तुम्ही ऑक्टोबरात निवृत्त होताय," त्या म्हणाल्या. "या शुक्रवारचा अहवाल दुरुस्त करू. बाकीच्या वसाहतींना वाफेला जागा ठेवायला कळवू, सुधारणा म्हणून. ते पंधरा दिवस काढून टाकू. कारणाच्या रकान्यात लिहा, यंत्रातला बिघाड. लाकनरचं प्रकरण मिटलेलं आहे. ते उकरून तुमच्या नवऱ्याचं नाव कशाला त्यात ओढता?" वाईट बाई नाहीत त्या. मला वाचवायलाच बघत होत्या, आणि खोटं कशाला बोलू, माझा जीव त्या वाक्याला लगेच चिकटला. यंत्रातला बिघाड. दोन शब्द लिहिले की बेर्टल स्वच्छ, मी स्वच्छ, आणि तीन पन्नासची रेघही माझ्यापाशीच राहिली असती; कारण खरं लिहिलं तर सबंध सात नंबरच रद्द होणार होतं. ज्या घरात एकदा आकड्यांसाठी नळ उघडला गेला त्या घराच्या कुठल्याच आकड्यावर कुणी भरवसा ठेवणार नव्हतं. मी जागेवर येऊन तो तक्ता उघडला. 'कारण' या शब्दासमोर रिकामी चौकट. मी 'यंत्रातला' एवढं लिहिलं आणि थांबले. यंत्रात काही बिघाड नव्हता. यंत्रानं थेंब न थेंब खरा लिहिला होता. लाकनरनंही पहिल्या दोनदा खरंच सांगितलं होतं, आणि आम्ही तिसऱ्यांदा विचारलं. मी तो शब्द खोडला. लिहिलं: 'टाकी तापू नये म्हणून माझ्या सांगण्यावरून माझ्या पतीने जवळजवळ रोज गरम पाणी सोडून दिले. हे घर कुठेही वापरू नये. सहा ऑगस्टच्या अपघाताशी रखवालदाराचा संबंध नाही.' खाली सही केली आणि वोल्फ्रामच्या देखत सगळ्यांना पाठवून दिलं. "शेवटचं एकदा चालवायचंय का?" वोल्फ्रामनं विचारलं. त्याला माहीत होतं तर. मी नको म्हटलं. त्यानं सात नंबर पुसलं, आणि तो खाली कॉफी आणायला गेला.

लाकनरचा नंबर चौकशीच्या कागदांत होता. मी तिथूनच लावला. "लाकनर," पलीकडून आवाज आला, सावध, म्हातारा झालेला. मागे शिवणयंत्र चालू होतं. मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "त्या आलेखवाल्या बाई." मी हो म्हटलं. "आता काय राहिलंय? सही हवी आहे का आणखी?" "नाही हो," मी म्हटलं. "चूक माझी होती. टाकी तापणारच होती. आमचा हिशोब पहिल्यापासून चुकीचा होता. तुम्ही झडप बंद केली असती किंवा नसती, त्या दिवशी ती उकळणारच होती." "मी तेव्हा म्हटलं होतं, मी हात लावला नाही," तो म्हणाला. "मग रात्रंदिवस आठवून आठवून मलाच वाटायला लागलं की लावला असेल. अजून तो हात दिसतो मला, झडपेवर. माझाच हात." "नव्हता लावलात तुम्ही." "म्हणजे मी नाही?" "नाही. तुम्ही नाही." तो फोन बाजूला धरून ओरडला, "ट्राउडी! ए ट्राउडी, ते यंत्र बंद कर आणि आधी इकडे ये!" शिवणयंत्र थांबलं. पावलं वाजली. "हिला सांगा," तो मला म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "मला सांगितलंत ते सगळं हिला सांगा. हिनं चार वर्षांत मला एकदासुद्धा विचारलं नाही, हात लावला होता का ते." फोन हातातून हातात गेला. "कोण बोलतंय?" एका बाईचा घाबरलेला आवाज म्हणाला. "काय झालं?" मी पहिल्यापासून सुरुवात केली. म्हटलं, माझा नवरा ट्राम चालवायचा.